पत्रकारिता शिकलात कुठे? कोकणातल्या जुन्या-नव्या वार्ताहरांसाठी धागा

खाडीकाठ (धागाकर्ता)

आज ६ जानेवारी, पत्रकार दिन. तालुका पत्रकार संघाचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला. बाळशास्त्रींच्या तसबिरीला हार, पाहुण्यांच्या तोंडी 'चौथा स्तंभ', शेवटी बटाटेवडा. वडा उत्तम होता, तक्रार नाही. शेजारी एका पोर्टलला नुकतीच लागलेली मुलगी बसली होती. तिनं विचारलं, "काका, तुम्ही हे शिकलात कुठे?" याला काय सांगणार? कोर्स केला नाही, कुणी समोर बसवून धडे दिले नाहीत, आणि तरी आयुष्य यातच गेलं. म्हणून हा धागा. आधी माझं म्हणणं मांडतो, मग तुम्ही फोडून काढा.

बाळशास्त्री जांभेकर आपल्याच पोंभुर्ल्याचे, देवगड तालुक्यातले. १८३२ साली मुंबईत 'दर्पण' निघाला तेव्हा ते जेमतेम विशीचे होते. एका रकान्यात इंग्रजी, शेजारच्यात मराठी. गिरवायला समोर मराठी वर्तमानपत्र नव्हतंच. पण शिकवणं हा त्यांचा पिंड होता. पुढे एल्फिन्स्टनमध्ये ते अध्यापक झाले. 'दर्पण' १८४० मध्ये थांबला आणि त्यांनी 'दिग्दर्शन' मासिक काढलं, तेही ज्ञानविषय समजावून सांगणारं. पुढची मोठी नावं घ्या. विष्णुशास्त्री चिपळूणकर, आपल्या रत्नागिरीत जन्मलेले टिळक, आगरकर. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल आणि लगेच १८८१ साली 'केसरी' आणि 'मराठा'. आधी शाळा, मग पेपर. मराठी पत्रकारितेची ही पिढी वर्गातून आली, म्हणूनच आपल्याकडे अग्रलेख फार लवकर वयात आला आणि साधी बातमी बरीच मागे राहिली, असं माझं मत आहे.

आणि एक. टिळकांच्या राजद्रोहाच्या खटल्यांवर दर वर्षी भाषणं होतात. मला मात्र १८८२ चा कोल्हापूर प्रकरणाचा खटला जास्त शिकवून जातो. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध जी पत्रं हाती आली त्यांवर विसंबून मजकूर छापला, पत्रं बनावट निघाली, आणि टिळक-आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात गेले. कुणीतरी खिशात कोंबलेला कागद छापण्याआधी तो कुठून आला हे बघावं, हा धडा त्यांना इतका महाग पडला. आज व्हॉट्सॲपवर आलेली 'गोपनीय' पत्रं बघतो तेव्हा मला डोंगरी आठवते.

खिळेवाला

भाऊ, संपादक राहू दे बाजूला. आमच्या छापखान्यात पत्रकार घडवायचा तो फोरमन.

मी चिपळूणला एका साप्ताहिकाच्या छापखान्यात कंपोझिटर म्हणून लागलो. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचे. इंग्रजीवाल्यांचं बरं असतं, मोजकी अक्षरं. देवनागरीची केस म्हणजे समोर पसरलेली खणाखणांची भिंतच. जोडाक्षरं वेगळी, अर्धी अक्षरं वेगळी, काना-मात्रा वेगळ्या. हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, अक्षरं उलटी वाचायची. एक रकाना जुळवायला किती वेळ जातो हे ज्याला माहीत आहे, तो फालतू विशेषण लिहित नाही. नवीन वार्ताहर 'सर्वांगसुंदर, नेत्रदीपक व अविस्मरणीय सोहळा' असं लिहून आणायचे. आमचा फोरमन विचारायचा, "नेत्रदीपक कोण जुळवणार? तू?" आणि सरळ खोडायचा.

मजकूर वाढला तर कापायचा कुठून? खालून. शिसं बांधून झालं की मधली ओळ काढणं म्हणजे सगळं परत ढकलत बसणं. तेव्हा महत्त्वाचं वर, कमी महत्त्वाचं खाली, हे आम्हाला कुणी पुस्तकातून सांगितलं नाही. शेवटचा परिच्छेद उडाला तरी बातमी उभी राहिली पाहिजे, एवढंच माहीत होतं.

निवडणुकीत मजा यायची. एखाद्या उमेदवाराच्या आडनावात 'ठ' असला की चौथ्या बातमीपर्यंत 'ठ' संपायचे. मग तिथून पुढे 'सदर उमेदवार'. त्या बिचाऱ्याला वाटायचं पेपर विरोधात गेला.

एस्टीचं_पाकीट

खिळेवाला, दंडवत.

माझी शाळा म्हणजे कार्बन पेपर. मुंबईच्या एका दैनिकाचा मी तालुका वार्ताहर. बातमी फुलस्केपवर, एकाच बाजूला, समास मोठा सोडून लिहायची. खाली कार्बन. मूळ प्रत पाकिटात घालून रातराणीच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायची, वर 'बातमी - तातडीचे' असं लाल शाईत. मुंबईला दैनिकाचा माणूस डेपोतून उचलायचा. दोन-तीन दिवसांनी छापून आलेला अंक आला की कात्रण आणि कार्बन शेजारी शेजारी ठेवायचं. माझ्या साठ ओळींतल्या बावीस उरलेल्या. कोणत्या गेल्या? पहिली पानभर पार्श्वभूमी गेली. 'याप्रसंगी मान्यवरांनी मनोगते व्यक्त केली' गेलं. सरपंचाचं नाव राहिलं, विहिरीची खोली राहिली. डेस्कवर कोण उपसंपादक बसलाय हे मला वर्षानुवर्षं माहीत नव्हतं, पण माझा गुरू तोच. त्याचं तोंड मी कधी पाहिलं नाही.

बायलाइन, म्हणजे बातमीवर आपलं नाव, वगैरे प्रकार नव्हता. 'देवगड, ता. १२ (वार्ताहर)' एवढ्यावर आमची हौस. आमच्यातले बरेचसे प्राथमिक शिक्षक होते, त्यांना तर नाव न आलेलंच बरं. बाकीचे पेपरचे एजंट. हा मुद्दा खाडीकाठनी सोडला म्हणून लिहितो. कोकणात वार्ताहर आणि पेपर विकणारा हे पुष्कळदा एकच असायचे. सकाळी मीच गठ्ठे सोडायचो, मीच विकायचो, मीच संध्याकाळी बातमी लिहायचो. बातमीत काही चुकलं तर वाचक संपादकाला पत्र लिहीत नसे. सकाळी स्टॉलवर येऊन सगळ्यांसमोर विचारायचा. यापेक्षा कडक परीक्षा कुठल्या विद्यापीठात घेतात?

१९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, मग फॅक्स, मग सायबर कॅफे. पाकिटं बंद झाली. चांगलंच झालं. पण ड्रायव्हर पाकीट देताना आतली बातमी विचारायचा आणि पुढच्या स्टॅण्डवर सांगायचा, ते वितरण मोफत होतं.

आंबोलीघाट

खरां सांगतास. माजो मामा सावंतवाडीच्या तार ऑफिसात होतो. पेपरवाल्यांच्या तारेक सवलतीचो दर असायचो, पण तेच्यासाठी अधिकारपत्र लागायचां. मामा म्हणायचो, वार्ताहर काउंटरार उभो रवान शब्द खोडीत बसायचो, कारण पैशे आधी तेच्याच खिशातले जायचे, मालक देतलो तेवा खरे. २०१३ साली तार बंद झाली तेवा मामाक भेटूक गेललंय. मामा म्हणालो, आता ही पोरां कितीय लांब लिवतली, तेंका कोण खोडूक सांगतलो?

चवदार

सगळं वाचलं. आठवणी छान आहेत, पण धागा पुण्याच्या मास्तरांपाशी आणि छापखान्यात अडकलाय. कोकणच्या पत्रकारितेची एक तिसरी शाळा होती, तिचं नावच कुणी घेतलं नाही. चळवळ.

मी महाडचा. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' निघालं. दोन आठवडे! त्याआधी १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढलं होतं. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'नं घेतली नाही, हेही पत्रकार दिनाच्या भाषणांत यायला हरकत नाही. तळ्यावर काय घडलं हे प्रस्थापित पत्रांनी कसं मांडलं आणि कसं मांडायला हवं होतं, हा फरक भरून काढायचा तर स्वतःचं पत्र हवं, हे त्यांना कुठल्याही वर्गात शिकावं लागलं नाही.

दुसरं उदाहरण अलिबागचं. चरीच्या शेतकऱ्यांचा संप १९३३ ला सुरू झाला, १९३९ पर्यंत चालला. कुळांनी खोतांची जमीन कसायची नाही म्हणून सगळी वर्षं उपाशीपोटी काढली. या लढ्याचे नेते नारायण नागू पाटील यांनी १९३७ साली 'कृषीवल' सुरू केलं. आज ते दैनिक आहे. तिथे लिहिणाऱ्याला 'तटस्थ राहा' असं सांगायला कुणी नव्हतं आणि गरजही नव्हती, पण खंड, म्हणजे जमिनीबद्दल द्यायचं धान्य, किती मण, कुळाकडे उरतं किती, हे अचूक लिहावं लागायचं. कारण वाचणारा स्वतः कूळ होता. आकडा चुकला तर हसला असता.

खाडीकाठ

चवदार, मान्य. माझ्या डोक्यात शिक्षण म्हणजे कुणीतरी शिकवणं एवढंच होतं. फक्त एक शंका: चळवळीच्या पत्रात आपल्याच नेत्याविरुद्धची बातमी कोण आणि कशी छापणार? तीही शिकावीच लागते ना?

चवदार

लागते. पण हाच प्रश्न मालकाच्या पत्रालाही विचारा. आपल्या जाहिरातदाराविरुद्धची बातमी कोण छापतं?

सातबारा_उतारा

मी एकटीच बहुतेक इथली 'रीतसर शिकलेली'. पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमधून पत्रकारिता केली आणि रत्नागिरीला परत आले. कोर्स बिनकामाचा, असं इथे कुणी म्हणण्याआधीच सांगते की तसं नाही. मानहानी कधी होते, न्यायालयाच्या कामकाजाचं वार्तांकन कुठपर्यंत करता येतं, अत्याचार झालेल्या बाईची ओळख का देता येत नाही, अंकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव का छापावं लागतं (१८६७ चा कायदा, आता त्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्यानं घेतली), हे सगळं मला वर्गात मिळालं. माझ्याबरोबरच्या कितीतरी ज्येष्ठांना हे नोटीस आल्यावर कळलं. गावोगावच्या वार्ताहरांनी मुक्त विद्यापीठाची पदविका केली तीही वाया गेली नाही. निदान पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं लिखाण तपासून, गुण देऊन परत केलं.

वर्गात जे मिळालं नाही ते सांगते. सातबारा वाचायला मला एका निवृत्त तलाठ्यानं शिकवलं. कोकणातला उतारा म्हणजे एका गुंठ्यावर पंचवीस नावं, त्यातली निम्मी मुंबईला, काही वारलेली, वारसनोंदी झालेल्याच नाहीत. फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद, कधी पडला, कुणाच्या नावानं, खरेदी कुठल्या वर्षी, हे तारखेनं लावलं की प्रकल्प जाहीर होण्याआधी जमिनी कुणी उचलल्या ते कागदच बोलायला लागतो. अर्धी कोकणातली मोठी बातमी याच एका कागदात असते. बाकी माहितीच्या अधिकाराचा अर्ज: प्रश्न 'का' नं सुरू केला की उत्तर 'माहिती उपलब्ध नाही'. कागदाचं नाव, वर्ष आणि कार्यालय लिहिलं की निमूट प्रत मिळते. हे मला एका ग्रामपंचायतीच्या शिपायानं सांगितलं.

मासेमारी बंदरावर शिकले. पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै हे कुणीही लिहील. पण बंदी उठल्यावर नौका लगेच का जात नाहीत, डिझेलचा परतावा किती थकलाय, एलईडीच्या उजेडात मासे ओढण्यावर पारंपरिक मच्छीमार का चिडतात, हे पहाटे जेट्टीवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पहाटे जेट्टीवर बाई पत्रकार दिसली की आधी सगळे गप्प बसायचे. लिलाव करणाऱ्या बायकांनी मला बोलतं केलं.

कार्यालयात मात्र मला पहिली काही वर्षं हळदीकुंकू आणि पाककृती स्पर्धा. गुन्हे, कोर्ट, बंदर ही 'मुलांची' बीटं, म्हणजे नेमून दिलेले बातमीचे विषय. तानुबाई बिर्जे १९०६ पासून 'दीनबंधु'चं संपादन करत होत्या, हे मी एकदा बैठकीत बोलून दाखवलं. सगळे हसले. बीट नंतर मिळालं, पण त्याला दुसरं कारण होतं: आधीचा माणूस सोडून गेला.

एस्टीचं_पाकीट

ताई, जेट्टीचं एकदम बरोबर. आता मी जरा कडू लिहितो.

मी काम सोडलं ते बातमीमुळे नाही. आमचं मानधन रकान्याच्या सेंटीमीटरवर. पुढे जिल्ह्याची वेगळी पानं निघाली, पानं भरायला बातम्या हव्यात म्हणून आम्ही खूश. मग हळूच जाहिरातीचं उद्दिष्ट आलं. वर्धापनदिन पुरवणी, दिवाळी, गणपती, नेत्याचा वाढदिवस. ज्या ग्रामसेवकाच्या घोटाळ्याची बातमी सोमवारी द्यायची त्याच्याच सरपंचाकडे शुक्रवारी शुभेच्छांची जाहिरात मागायला जायचं. कुठल्या पेपरचं नाव घेत नाही, एकाचंच नव्हतं. २००९ च्या निवडणुकांनंतर 'पेड न्यूज'चा, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा, गाजावाजा झाला, प्रेस कौन्सिलचा अहवाल आला. तालुक्याच्या पातळीवर ते आधीपासून रोजचंच होतं, फक्त त्याला पॅकेज म्हणत नव्हते. मजिठिया वेतन मंडळ, श्रमिक पत्रकार कायदा, सगळं कार्यालयात बसणाऱ्यांसाठी. आम्ही कुणाचे कर्मचारीच नव्हतो.

तर खाडीकाठ, त्या मुलीला सांगताना हेही सांगा: पुढच्या पिढीनं आमच्याकडून हेसुद्धा शिकून घेतलं. संघाच्या कार्यक्रमातल्या किती जणांच्या गाडीवर 'प्रेस' आहे आणि त्यातल्या किती जणांनी गेल्या महिन्यात एक तरी बातमी लिहिली, मोजून पाहा.

राजापूर_बाजार

इतके प्रतिसाद झाले, पत्रकार शशिकांत वारिशेंचं नाव आलं नाही. ६ फेब्रुवारी २०२३. रिफायनरीच्या वादातली त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती. त्या दिवशी दुपारी राजापुरात त्यांच्या दुचाकीला गाडीनं उडवलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा करणारं आपलं राज्य देशात पहिलं, २०१७ चा कायदा. कायदा आहे, हे मान्य.

मुंबईचा पत्रकार रिफायनरीसाठी बारसूला येतो, दोन दिवस राहतो, जातो. त्याचं काम कमी दर्जाचं असं मी म्हणत नाही, त्याला उलट मोकळेपणानं लिहिता येतं. इथला माणूस ज्याच्याविरुद्ध लिहितो त्याच्याच पंपावर पेट्रोल भरतो, त्याच्याच मुलाच्या लग्नाचं आमंत्रण घरी असतं. किती लिहायचं, कधी लिहायचं, कुणाला आधी सांगून ठेवायचं, हे इथला प्रत्येक जण शिकतो. काही जण या शिक्षणातून गप्प बसायला शिकतात, आणि त्यांना मी लगेच भित्रा म्हणणार नाही.

नेटवर्क_नाही

मी बहुतेक त्या 'पोर्टलवाल्या' पिढीतला. मंडणगड. आम्हाला नावं ठेवून झाली असतील तर आमची शाळाही ऐका.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं चढलं. टॉवर आडवे, वीज नाही, रस्त्यावर झाडं. कित्येक गावांची काय अवस्था आहे हे जिल्ह्याच्या ठिकाणी कळायला दिवस गेले. मी मोबाइलवर चित्रीकरण करून, रेंज येईल तिथपर्यंत मोटरसायकल ढकलत जाऊन, डोंगरावर उभं राहून पाठवलं. कौलं उडालेली घरं आणि मुळासकट पडलेल्या सुपारीच्या बागा. आधी एक मिनिटाचं, मग बाकीचं, कारण मोठी फाइल जात नव्हती. काय आधी पाठवायचं हे मला त्या डोंगरावर कळलं. तुमची तार आणि माझं एक मिनिट, फार फरक नाही.

१७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट रेवसला जाताना बुडाली, मुंबईपासून थोड्याच अंतरावर, सहाशेच्या वर माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, बातमी मुंबईत यायला कित्येक तास लागले. आमचे आजोबा अजून सांगतात. आज तसं झालं तर बोट बुडण्याआधी लाइव्ह सुरू होईल. हे वाईटच, असं मला वाटत नाही.

सातबारा_उतारा

लाइव्ह वाईट नाही. पण लाइव्ह करताना तुझ्या आणि वाचकाच्या मध्ये कुणीच नाही. खिळेवाल्यांचा फोरमन नाही, पाकिटाच्या पलीकडचा उपसंपादक नाही. मला याचीच काळजी वाटते. कोर्स केला की नाही यानं फार बिघडत नाही. तू लिहिलेलं छापण्याआधी दुसरं कुणी वाचतं का?

नेटवर्क_नाही

खरं सांगायचं तर नाही. मालक फक्त व्ह्यूज वाचतो. पण वाचक पाच मिनिटांत कमेंटमध्ये दुरुस्त करतात.

खिळेवाला

पाच मिनिटांत तो व्हिडिओ दुबईपर्यंत जातो रे बाबा. दुरुस्ती वेशीपर्यंतसुद्धा जात नाही.

नेटवर्क_नाही

काका, हे पटलं. मग मला एक व्यवहाराचं सांगा. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेला दरड कोसळली तेव्हा चिपळूण, महाड दोन्ही पाण्याखाली होते. मृतांचा आकडा तासातासाला वेगळा. सुरुवातीला तीसच्या आसपास छापला जात होता, शेवटी बेपत्ता धरून ऐंशीच्या वर गेला. अशा वेळी आकडा कुणाचा धरायचा? आम्हाला डेस्कवरून फोन येतो, 'बाकीचे चाळीस म्हणतायत, तू पस्तीस का?'

एस्टीचं_पाकीट

२००५ ला जुई-दासगावच्या दरडींच्या वेळी आम्हीही यातच अडकलो होतो. तहसीलदाराचा आकडा म्हणजे हाती लागलेले मृतदेह, पंचनामा झालेले. गावचा पोलीस पाटील सांगतो तो आकडा म्हणजे रात्री घरात कोण कोण होतं. दोन्ही खरे, पण एक सापडलेल्या मृतदेहांचा आणि एक घरात असलेल्या माणसांचा. दोघांना वेगवेगळं गाठायचं, दोन्ही आकडे कुणी आणि किती वाजता दिले ते लिहायचं, बेरीज करायची नाही. मुंबईला गेलेली माणसं पोलीस पाटलाच्या यादीतून वजा झाली का, तेवढं मात्र दोनदा विचारायचं. गणपती जवळ असले तर उलट, मुंबईहून आलेली कुणी जास्तीची होती का तेही. डेस्कवाला ओरडला तर ओरडू दे. त्याला दोन्ही नावं आणि दोन्ही वेळा वाचून दाखव.

सातबारा_उतारा

आणि रेशन दुकानदारालाही विचार. त्याच्याकडे घरटी माणसं लिहिलेली असतात, आणि तो सहसा फोन उचलतो.